मागचा माणूस

गाडीत आपण दोघंच नाही आहोत, हे अण्णांनी पहिल्यांदा सांगितलं ते डिसेंबरातल्या एका रविवारी, नोएडा मोडच्या सिग्नलला. सांगितलं कसलं, तक्रारच केली. "मागच्याला थंडी वाजतेय, काच लाव," म्हणाले आणि पुन्हा समोरच्या बसकडे बघत बसले. उल्हासने काचा पाहिल्या. चारही बंद. मग त्याने आरशात पाहिलं, आणि पाहिलं म्हणून लगेच स्वतःवरच चिडला. मागच्या सीटवर अण्णांची शाल होती, पाण्याची बाटली होती, बाकी काही नव्हतं. ऐंशी ओलांडलेला माणूस, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, तो काहीही बोलेल. आपण शहाण्यासुरत्याने बघायला जायचं काय कारण होतं? सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. उल्हासने गाडी काढली, पण अक्षरधामचा पूल येईपर्यंत त्याच्या मानेवर, कॉलरच्या वर केस जिथे संपतात तिथे, एक गार जागा तशीच राहिली. त्याने हात लावून पाहिलं. कातडी गरमच होती.

त्या दिवशी ते यमुनेच्या खादरात, नदीकाठच्या पूरपट्ट्यात, निघाले होते, गाडीची चारी चाकं चालवून बघायला. ही गाडी घ्यायला लावली ती अण्णांनीच. जन्मभर सरकारी सर्वेक्षण खात्यात, गढवालच्या डोंगरांत जिपांनी फिरलेला माणूस. मुलगा गाडी घेतोय म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली, पुढची चाकंसुद्धा ओढणारी घे. ते राहत ते मयूर विहार तव्यासारखं सपाट. तिथून मेट्रो स्टेशनपर्यंत जायला फोर बाय फोर म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं उल्हासची बायको नीला तेव्हाच म्हणाली होती, आणि नीलाचं सहसा खरं होतं. तरी गाडी आली. आणि मग महिन्यातून एकदा अण्णा उल्हासला खादरात घेऊन जात. भाजीच्या वाफ्यांच्या कडेने जिथे वाळू लागते तिथे गाडी उभी करायची, डॅशबोर्डवरचं बटण फिरवायचं, हिरवा दिवा लागला की थोडं अंतर चारी चाकांवर जायचं आणि परत यायचं. एरवी पुढची चाकं नुसती फरफटत येतात, मागच्यांच्या जोरावर. त्यांना आपणही ओढू शकतो हे विसरायला होतं, असं अण्णा सांगत. अण्णांचं विसरणं सुरू झालं तसा हा रिवाज सुटला. किती महिने झाले ते उल्हासने मोजलं नव्हतं. आता फेब्रुवारीत गाडीला दहा वर्षं पुरी होत होती, आणि दहा वर्षांच्या डिझेल गाडीचं दिल्लीत काही खरं नसतं, बंदीचा नियम आज कडक तर उद्या सैल. उत्तरकाशीचे कोणी नेगी गाडी घ्यायला तयार होते. त्यांचा फोनवर एकच प्रश्न होता: चारों पहिये लगते हैं ना? लगते हैं, असं उल्हासने छातीठोक सांगून टाकलं होतं. खादरात वाळूवर त्याने बटण फिरवलं. हिरवा दिवा लागायच्या ऐवजी लुकलुकायला लागला, आणि लुकलुकतच राहिला. गाडीने हाक ऐकली होती, पण ओ देत नव्हती. अण्णा त्या दिव्याकडे खूप वेळ बघत होते. "येतोय, येतोय," असं काहीतरी ते पुटपुटले, आणि उल्हासने न विचारता गाडी वळवली.

उल्हास टिपणीस मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, क्वालिटीत होता. परत आलेला माल घेऊन बसायचं आणि तो का बिघडला ते शोधायचं, हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि खरं सांगायचं तर छंदही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऐकलेलं खरं धरायचं नाही, हात लावून बघायचं. का, असं विचारत जायचं, उत्तराला पुन्हा का विचारायचं, म्हणजे शेवटी एक घसरलेला रबर नाहीतर एक ढिला स्क्रू हाताला लागतो आणि माणसाला रात्री झोप येते. कंपनीच्या बसमध्ये त्याला याचं फार बरं वाटायचं, की जगात अजून अशी एक खोली आहे जिथे का या शब्दाला तळ आहे. घरी असा तळ नव्हता. अण्णा आंघोळीला घाबरतात, का? पाणी खोल आहे म्हणतात. का? उत्तर नाही. म्हणून पुढचे सगळे रविवार त्याने गाडीवर घातले, आणि नीलाला वाटलं नेगींची घाई आहे. फ्यूज काढून पाहिले, धड होते. चाकांची मापं सारखी. गिअरपेटीवरची छोटी मोटर फिरताना ऐकू येत होती. पुढच्या चाकांचा जोड हवेच्या ओढीवर लागतो, तिची बारीक नळी त्याने बोटांनी चाचपत शेवटपर्यंत नेली. एका ठिकाणी चीर वाटली, ती बदलली, दिवा पुन्हा लुकलुकला. कश्मीरी गेटचा मेकॅनिक म्हणाला, साहब, दिल्ली में चार पहियों का करोगे क्या, बत्ती का तार काट देता हूँ. दिवा लुकलुकणार नाही, म्हणजे तक्रार मिटली. उल्हास त्याच्यावर हसला, पण घरी येताना त्याला वाटून गेलं की तो म्हणतोय त्यात तथ्य आहे. एक उपाय तेवढा राहिला होता. आतले दाते समोरासमोर आले नाहीत तर अडून बसतात. अशा वेळी बटण फिरवून गाडी जराशी मागे घ्यायची, की ते सरकून बसतात. पण कोरड्या डांबरावर हे करू नये, माती ओली हवी, असं पुस्तकात होतं आणि अण्णाही पूर्वी तेच सांगायचे. दिल्लीत त्या हिवाळ्यात पाऊस नव्हता. नुसता धूर आणि धुकं.

आणि दर रविवारी मागचा माणूस असायचाच. त्याला कधी थंडी वाजायची, कधी त्याला उतरायचं असायचं, कधी त्याने काही खाल्लेलं नसायचं. अण्णा हे इतक्या साध्या आवाजात सांगत की त्यात भीती नव्हती. भीती असती तर समजूत घालता आली असती. मयुराला, उल्हासच्या अकरावीतल्या मुलीला, एकदा त्यांनी गाडीत सरकून बसायला सांगितलं, त्याला जागा दे म्हणून. ती घरी येऊन म्हणाली, "बाबा, आजोबा क्रीपी बोलतात यार. मी नाही बसणार त्यांच्यासोबत."

"अगं त्यांना भास होतात."

"भास म्हणजे?"

"नसलेलं दिसतं," तो म्हणाला.

"अच्छा, हॅलुसिनेशन. मग असं बोला ना."

पण भासाला हॅलुसिनेशन म्हटल्याने उल्हासचं काही भागलं नाही. तो आरशात बघेनासा झाला. आधी ठरवून, मग सवयीने. बाजूच्या आरशांवर गाडी चालवायला लागला. मधल्या आरशावरून नजर पाण्यावरून घसरावी तशी घसरायची. मागे कोणी नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच खात्री करून घ्यायला लागणं त्याला अपमानाचं वाटत होतं. शिवाय घरातही तेच चाललं होतं. अण्णा येऊन मागे उभे राहत. बेसिनशी दाढी करताना, गॅसवर दूध ठेवताना, लॅपटॉपवर काम करताना, पावलांचा आवाज नाही, खोकला नाही, अचानक मानेवरची ती जागा गार व्हायची आणि वळून पाहिलं तर हातभर अंतरावर अण्णा, हात खाली सोडून. काही हवंय का विचारलं तर मान हलवत. हवं काहीच नसे. लहानपणीही ते असेच मागे उभे राहत. डेहराडूनच्या सरकारी क्वार्टरमध्ये उल्हास गणितं सोडवायचा, आणि चुकलं की मागून काही न बोलता एक बोट येऊन आकड्यावर टेकायचं. ते बोट येणार, येणार, या धास्तीने बरोबर गणितही चुकायचं. मारलं कधीच नाही अण्णांनी. वाईट माणूस नव्हता. उल्हासला त्यांच्याबद्दल प्रेम होतं, हे त्याने कोणालाही शपथेवर सांगितलं असतं, आणि त्यांचे ओले कपडे बदलताना, पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाचं तेच उत्तर देताना, ते प्रेम शोधायला त्याला आत फार खोल हात घालावा लागत होता, हेही तितकंच खरं होतं. कंटाळा हा शब्द नीलाने उच्चारला नाही, त्यानेही नाही. दोघंही एकमेकांकडे न बघता कामं वाटून घेत.

चौदा जानेवारीला महाराष्ट्र मंडळाची मंडळी पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातात. अण्णा दरवर्षी जात, या गाडीतूनच. गाडी जायची म्हणजे ही शेवटची खेप, आणि दिवसभर अण्णांजवळ थांबणारी बाई लोहडीला गावी गेली होती, नीलाला तिच्या मंत्रालयातून सुटी नव्हती. उल्हासने रजा टाकली. काला अंबच्या आसपास गव्हाची शेतं आहेत, कालव्याचं पाणी सोडलेलं असतं, माती ओली असते, हे त्याच्या मनात नव्हतं असं नाही. हात दाखवून अवलक्षण नको, सरळ जा नि सरळ या, असं नीलाने बजावलं. अण्णांना तिने मागे बसवायचा प्रयत्न केला, मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप आहे म्हणून. "तिथे तो आहे," अण्णा म्हणाले आणि पुढे जाऊन बसले. नीलाने उल्हासकडे पाहिलं. उल्हासने इंजिन सुरू केलं.

मुकरबा चौकापासून धुक्याने जे गिळलं ते सोडलंच नाही. सकाळ होती, सूर्य वर आलेला असणार, पण उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. सगळीकडे सारखाच, दुधाच्या पिशवीत डोकं घातल्यासारखा. समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत, ट्रक दिसत नसे. मुरथलला उल्हासने पराठे घेतले. अण्णांनी अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून, हात मागे नेऊन, न बघता मागच्या सीटवर ठेवला. कोणाच्या तरी हातात द्यावा तसा अलगद, आणि समोरच्याने घेतला की हात सोडावा तसा सोडला. कागदाचा आवाज झाला. उल्हास ऐकत राहिला, आणखी आवाज होतो का म्हणून. मग रेडिओ लावला. पुढे कितीतरी वेळ त्याला वाटत राहिलं की गाडी जड चालतेय, चढावर एक माणूस जास्त असला की चालते तशी, आणि दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्याने तो माणूस हिशेबात धरून टायरची हवा पाहिली असती.

पानिपत शहर मागे टाकल्यावर काला अंबकडे जाताना डाव्या हाताला एक मातीचा रस्ता फुटतो. रस्ता कसला, ट्रॅक्टरची चाकोरी. कडेला गहू, मध्ये पाटाचं पाणी फुटून आलेलं. लांबून, पण कोणत्या बाजूने ते कळत नव्हतं, लाउडस्पीकरवर कोणीतरी मराठीत लढाईत पडलेल्यांची नावं वाचत होतं. मंडळी पोचली होती तर. नाव, मग थांबणं, मग नाव. धुक्यात शब्दांच्या कडा झिजत होत्या आणि नुसती थांबण्याची जागा स्पष्ट ऐकू येत होती. उल्हासने गाडी चाकोरीत घातली. फक्त एकदा बघायचं, त्याने स्वतःला सांगितलं. बटण फिरवलं. दिवा लुकलुकला. तो तसाच थोडा पुढे गेला, आणि मागची चाकं घसरली, जागीच फिरली, आणि गाडी मागून खाली बसली.

"रुतली," अण्णा म्हणाले. गेल्या वर्षभरातलं त्यांचं हे सर्वांत शुद्धीतलं वाक्य होतं.

"तुम्ही बसा. मी बघतो. उतरू नका हं अण्णा."

त्याने बॉनेट उघडलं. आता लाज वाटावी अशी गोष्ट ही, की त्याला आनंद झाला. समोर खरी परिस्थिती होती, ओली माती होती, रुतलेलं चाक होतं, आणि न लागणारी चाकं. असं सगळं एका जागी गोळा झालेलं त्याला इतक्या रविवारांत मिळालं नव्हतं. नळी चाचपली. जोड घट्ट. आपल्या बाजूच्या खिडकीतून हात आत घालून बटण फिरवलं, खाली वाकून कान दिला, मोटर फिरत होती. मग काय अडतंय? का? हाताला ग्रीस लागलं, बोटं बधिर झाली, वेळ किती गेला ते कळलं नाही. उघड्या बॉनेटमुळे पुढच्या काचेतून आतलं दिसत नव्हतं. बॉनेट खाली पाडलं तेव्हा दिसलं, पुढची सीट रिकामी होती आणि पलीकडचं दार उघडं होतं.

"अण्णा."

धुक्याने हाक घेतली आणि ठेवून दिली. तो गाडीच्या अलीकडे पलीकडे गेला, चाकोरीतून थोडा पुढे गेला, गव्हात शिरला, बूट चिखलात भरले. पावलं शोधली तर सगळ्या चिखलात त्याचीच पावलं. "अण्णा. अण्णासाहेब." ऑफिसात त्यांना म्हणत त्या नावानेही त्याने हाक मारली. लाउडस्पीकरवर एक नाव वाचून झालं आणि थांबणं आलं, आणि त्या थांबण्यात उल्हास कोणीतरी ओ देईल म्हणून उभा राहिला. कालवा कुठे होता? पाटाचं पाणी येतंय म्हणजे जवळच कुठेतरी. तो परत गाडीकडे वळला तेव्हा गाडीही दिसत नव्हती. तिच्या चालू राहिलेल्या इंडिकेटरच्या टिकटिकीवरून तो तिच्यापर्यंत पोचला. आत बसला, दोन्ही दारं लावली. गाडी काढायची, रस्त्यावर न्यायची, मंडळातली चार माणसं आणायची, दिवे लावून शोधायचं. हे बरोबर होतं. हे कोणीही बरोबरच म्हटलं असतं. पण दारं लावल्यावर आत जी शांतता झाली ती त्याने ऐकली. कोणी श्वास घेत नव्हतं. कोणी कोणाला थंडी वाजतेय म्हणत नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती, मागची रिकामी होती, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. किती दिवसांनी तो एकटा होता. पायांना झिणझिण्या येत होत्या, रक्त परत येतं तशा. तो बसून राहिला. थोडाच वेळ, पण बसून राहिला, आणि त्याला बरं वाटत होतं.

मग त्याने बटण फिरवलं. दिवा लुकलुकायला लागला. आता राहिलेला एकच उपाय, गाडी जराशी मागे घ्यायची. क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. कित्येक दिवसांनी मान वर करून त्याने मधल्या आरशात पाहिलं. मागच्या काचेवर बाहेरून धुकं बसलं होतं, आणि त्या धुरकट काचेवर खालच्या बाजूला दोन फिकट डाग होते, शेजारी शेजारी. बोटं पसरलेली. त्याच्या मानेवरची जागा गार झाली. नाही, तो मनात म्हणाला, मी तुला बघणार नाही. मागे कोणी नाही. मागे कधीच कोणी नव्हतं. आणि त्याने क्लच सोडला आणि अॅक्सिलरेटर दाबला.

इंजिन गरजलं, मागची चाकं गरगरली, पुढच्यांना काही पत्ता नव्हता. चारी चाकांनी जमीन धरली असती तर गाडी एका झटक्यात मागे गेली असती. ती नुसती थरथरली, आणखी खाली बसली, आणि बंद पडली.

"अजून एकदा घे," मागून आवाज आला. "हलतेय. मी आहे मागे."

उल्हास उतरला. गाडीला धरून धरून मागे गेला. अण्णा डिकीला टेकून उभे होते, दोन्ही तळवे काचेवर, एक पाय मागे रोवलेला, जोर लावायच्या बेतात, जिप रुतली की डोंगरात सगळे उतरून लावत तसा. चप्पल चिखलात कुठेतरी राहिली होती. कपाळावर घाम होता, त्या थंडीत. तोंडावर इतका आनंद होता की उल्हासला ते आधी ओळखूच आले नाहीत.

"मी हाका मारल्या, अण्णा."

"ऐकल्या की," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आलो. चल, बस. घे."

त्याने त्यांना धरून पुढे आणलं, बसवलं, पट्टा लावला, पाय पुसले. मग चाकांखाली गव्हाच्या कडेचं वाळकं गवत कोंबलं, गाडीमागे जाऊन उभा राहून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत येऊन बसला आणि पुन्हा एकदा उतरून मागे जाऊन आला. रिव्हर्स. क्लच हळूहळू. गाडी मागे वीतभर सरकली असेल नसेल, खाली कुठेतरी जडशी खट् झाली, आणि दिवा स्थिर झाला. हिरवा. पुढच्या चाकांनी माती धरली, गाडी चिखलातून अशी वर आली की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. बिघाड नव्हताच. दाते जुळले नव्हते, इतकंच.

ते स्मारकाकडे गेले नाहीत. परतीच्या वाटेवर अण्णा झोपले, मान त्याच्याकडे कलती करून. सोनीपतनंतर धुकं विरत गेलं आणि उल्हास आपल्याच डोक्यात मागे जाऊन जाऊन तेवढी एक जागा तपासत राहिला. आधी डाग दिसले की आधी क्लच सुटला? डाग दिसले. ते काय वाटले? भास. भास का वाटला? कारण रोज ऐकतोय मागचा माणूस, मागचा माणूस. पण बोटं पसरलेली दिसली होती. उजव्या हाताची करंगळी थोडी वाकडी, अण्णांची आहे तशी. ती आरशात दिसली, की नंतर मागे गेल्यावर दिसली? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याने पद्धतीप्रमाणे करून पाहिलं. धुकं काढून टाकलं. अण्णांचं बोलणं काढून टाकलं. ती शांतता, ते बरं वाटणं, ते काढायला गेला आणि हात मागे घेतला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच का या शब्दाला तळ लागेल अशी भीती त्याला वाटली. नीलाचा फोन आला. "पोचलात? ठीक आहे ना सगळं?" तो म्हणाला, बिल्कुल. नेगींचा आला, चारों पहिये? तो म्हणाला, लग रहे हैं. अण्णा झोपेतून म्हणाले, "उतरला वाटतं तो," आणि पुन्हा झोपले.

मयूर विहारला दुपारचं पिवळट ऊन पडलं होतं. सोसायटीत त्याची जागा दोन गाड्यांच्या मधली, उलटी घालावी लागे. गेटवरच्या गार्डने अण्णांना आधार देऊन उतरवलं, केबिनबाहेरच्या खुर्चीत बसवलं, आणि नेहमीसारखा मागे जाऊन उभा राहिला. "आने दो साहब, आने दो. पीछे कोई नहीं है." उल्हासने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. हात तिथेच राहिला. गार्डने डिकीवर थाप मारली, आने दो. उल्हासने इंजिन बंद केलं आणि उतरला.

"तबियत ठीक नहीं? मैं लगा दूँ?"

"लगा दो," उल्हास म्हणाला.

गार्ड आत बसला, सीट पुढे ओढली, चावी फिरवली. उल्हास मागे गेला. मागची काच चिखलाच्या शिंतोड्यांनी भरली होती, वाळून करडी झाली होती, आणि तिच्यावर दोन तळवे तसेच उमटलेले होते. रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला. उल्हासने आपले दोन्ही तळवे त्या तळव्यांवर ठेवले आणि एक पाय मागे रोवला. पुढे बसलेल्याला मागचा माणूस आरशात दिसतो का, बस एवढंच बघायचं होतं, चिखलातून, काचेतून, इतक्या मागून.

गाडी हललीच नाही. गार्डने आरशाकडे मान वर केली न केली, तोच त्याचा आवाज आला.

"हटिए ना साहब वहाँ से. दिख रहे हैं आप."

उल्हासला हात काढता येईनात.